माया मुलुखात ओझे कोणाच्या पाठीवर?

जगाच्या नकाशात मेक्सिको आणि कोलंबिया यांच्या मधोमध जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिसते. तिला मध्य अमेरिका म्हणतात. सात लहान देश तिथे दाटीवाटीने बसले आहेत. आपल्याकडे त्यांची आठवण झालीच तर पनामा कालव्यापुरती होते. त्या पट्टीतल्या ग्वाटेमाला आणि एल साल्वादोर या दोन देशांत आम्ही दोघे पाठीला सॅक लावून हिंडलो. सह्याद्रीतले गड पालथे घालता घालता लागलेली ही सवय. वय झाले, पण गेली नाही.

तिथे बघायला काय आहे, असे जाण्यापूर्वी ज्याने त्याने विचारले. प्रवाशांच्या पुस्तिकांत याचे उत्तर तयार असते. घनदाट जंगल, त्यात दडलेले भग्नावशेष आणि धुमसते ज्वालामुखी. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्याच पुस्तिकांत आणखी एक शब्द हमखास येतो, "लुप्त झालेली माया संस्कृती". हा लुप्त शब्द आम्हाला पहिल्याच दिवशी खटकला. ग्वाटेमालात २०१८ साली जनगणना झाली, तेव्हा दर दहांतल्या चारांहून अधिक माणसांनी आपण माया आहोत असे सांगितले. त्या देशात बावीस माया भाषा आजही बोलल्या जातात. आमच्या बसचा क्लीनर माया, रस्त्यावर मक्याची भाकरी थापणारी बाई माया, बाजारात भाजी मांडून बसलेल्या आजीबाई माया. लुप्त झालेली माणसे आमच्याकडून रोज तिकिटाचे पैसे घेत होती!

बसविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. अमेरिकेतल्या शाळांनी मोडीत काढलेल्या बसगाड्या तिथे आणतात. त्यांना लाल-निळे-हिरवे झगझगीत रंग देतात आणि एका बाकावर तिघे-तिघे बसवतात. टपावर सॅक, टोपल्या, कोंबड्यांच्या पाट्या. आपल्या एस.टी.च्या लाल डब्यात वाढलेल्या माणसाला यात नवे काही वाटत नाही. सॅक मात्र सात-आठ किलोंच्या वर नको. दोन जोड कपडे, एक जाड स्वेटर, पावसाळी कोट, मळलेले बूट. नवे बूट घालून जाणाऱ्याची टाच तिसऱ्या दिवशी सोलवटते. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ, तोच धरावा.

दगड, पाणी आणि पोथ्या

उत्तरेकडच्या पेतेन प्रांतात एका सरोवराच्या बेटावर फ्लोरेस नावाचे टुमदार गाव आहे. प्रवासी तिथे रात्रीपुरते उतरतात आणि पहाटे तिकालकडे निघतात. याच बेटावर नोहपेतेन हे माया लोकांचे शेवटचे स्वतंत्र राजधानीचे नगर होते. स्पेनच्या फौजांनी ते १६९७ साली घेतले. तेव्हा आपल्याकडे शिवाजी महाराजांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. म्हणजे ही काही पुराणकाळची गोष्ट नव्हे.

तिकालचे जंगल पहाटे गर्जत असते. वाघ असावा असे वाटते, पण ती वानरे असतात. त्यांचा घसा एवढा दणदणीत आवाज काढतो हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पटते. झाडांच्या शेंड्यांवर देवळांची दगडी डोकी निघालेली दिसतात. चौथ्या क्रमांकाचे मंदिर सुमारे ६५ मीटर उंच आहे. लाकडी जिन्याने वर गेले की चारही दिशांना जंगलाचा हिरवा समुद्र. २०१८ साली विमानातून लेसर किरण सोडून या भागाची पाहणी झाली, तेव्हा झाडांखाली साठ हजारांहून अधिक बांधकामांच्या खुणा सापडल्या. घरे, रस्ते, बांध, शेताच्या ताली. आज जिथे रान आहे तिथे दाट वस्तीचा मुलूख होता.

सारे प्रवासी मंदिरांची छायाचित्रे घेतात. आमचे मन तिथल्या तळ्यांत रमले. पाण्याची गोष्ट निघाली की आपला वाचक कान टवकारतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तिकालला नदी नाही. वर्षातले चार-पाच महिने पाऊस नाही. मग हजारो माणसे प्यायली काय? त्यांनी फरसबंदीच्या चौकांना उतार दिला आणि पावसाचे पाणी मोठमोठ्या तळ्यांत वळवले. २०२० साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की इथल्या एका तळ्यात पाणी गाळण्यासाठी झिओलाइट नावाचे खनिज वापरलेले होते. ते सुमारे ३० किलोमीटरवरून आणलेले असावे. आजही पाणी शुद्ध करण्यासाठी हे खनिज वापरतात.

आणले ते कसे? इथेच आम्ही थबकलो. त्या मुलुखात घोडा नव्हता, बैल नव्हता, गाडीचे चाक नव्हते. चुनखडीचा एकूण एक दगड, लाकडाचा एकूण एक ओंडका माणसाने वाहिला. कपाळाला रुंद पट्टा लावायचा, त्याची दोरी पाठीवरच्या ओझ्याला बांधायची आणि वाकून चालायचे. या पट्ट्याला मेकापाल म्हणतात. ती वस्तू संग्रहालयात शोधायला नको. डोंगरातल्या रस्त्याने जळणाची मोळी घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या कपाळावर ती आजही दिसते.

माया लोकांची स्वतःची लिपी होती. शून्याची खूण त्यांना अवगत होती. १५६२ साली युकातान प्रांतातल्या मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्यांच्या पोथ्यांची होळी केली. आज जगात त्यांच्या जेमतेम चार पोथ्या उरल्या आहेत. दगडावरची अक्षरे जाळता येत नाहीत म्हणून वाचली, पण ती वाचणारा कोणी राहिला नव्हता. १९५२ साली युरी क्नोरोझोव या रशियन विद्वानाने त्या लिपीची किल्ली दाखवली. त्याने तोवर माया भूमीवर पाऊलही ठेवले नव्हते. पुढे अक्षरे बोलू लागली तेव्हा कळले की शिलालेखांत राजांचे जन्म, राज्याभिषेक, लढाया आणि कैदी आहेत. कपाळाला पट्टा लावणाऱ्याचे नाव त्यांत नाही.

वेलदोड्याच्या डोंगरातून ज्वालामुखीकडे

पेतेनहून दक्षिणेला निघालेली बस आल्ता वेरापास प्रांतातून जाते. कोबान त्याचे मुख्य ठिकाण. तिथल्या बाजारात एका दुकानासमोर ओळखीचा वास आला. हिरव्या वेलदोड्यांची पोती! आपल्या पश्चिम घाटातला हा मसाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने तिकडे नेला. तो इतका रुजला की वेलदोडा परदेशी पाठवण्यात ग्वाटेमालाने भारतालाही मागे टाकले. डोंगरउतारावर तो लावणारे आणि तोडणारे बहुतेक केक्ची माया शेतकरी आहेत. गंमत अशी की त्यांच्या जेवणात वेलदोडा जवळजवळ नाहीच. तो अरब देशांच्या कॉफीत पडतो.

त्यांचे जेवण म्हणजे मक्याची भाकरी, घेवडा आणि मिरची. भाकरी हातावर थापतात, अगदी आपल्यासारखी, फक्त लहान आणि जाडसर. पण एक रीत आमच्या गृहिणींनी ध्यानात घ्यावी. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन साले काढतात आणि मग वाटतात. याने भाकरी मऊ होते एवढेच नाही. मक्यातले एक जीवनसत्त्व त्यामुळे शरीराला लागू पडते. युरोपने मका उचलला, ही रीत उचलली नाही. परिणामी जिथे गरीब लोक मक्यावरच जगत, तिथे पेलाग्रा नावाचा कातडी सोलणारा रोग दीडदोनशे वर्षे माणसे मारत राहिला.

आंतिग्वा हे जुन्या राजधानीचे शहर १७७३ च्या भूकंपात पडले. आता ते परदेशी पाहुण्यांसाठी नटून बसले आहे, त्याविषयी इतकेच पुरे. तिथून आकातेनांगो ज्वालामुखीवर चढतात. उंची ३,९७६ मीटर, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. पायवाट मक्याच्या शेतांतून सुरू होते, मग ओलसर धुक्याचे रान, मग पाइनची झाडे, शेवटी नुसती राख. राखेत एक पाऊल वर टाकले की अर्धे खाली घसरते. चढाच्या सुरुवातीलाच गावातली पोरे प्रवाशांच्या सॅक वाहायला उभी असतात. आमच्याबरोबरच्या कक्चिकेल तरुणाने दोन सॅक एकत्र बांधल्या, कपाळाला पट्टा लावला आणि आमच्या पुढे निघून गेला.

स्वतःचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर द्यावे का, यावर आम्हा दोघांत वाटेत बरीच खडाजंगी झाली. आमचे मत असे बनले की गडी घ्यावा, कारण त्याच्या घरची चूल त्यावर चालते. पण ओझे हलके ठेवावे आणि मजुरी मध्यस्थाकडे न देता त्याच्याच हातावर ठेवावी. घासाघीस करून दोन पैसे वाचवणारे प्रवासी आम्ही तिथे पाहिले. त्यांच्या पायांतले बूट त्या पोराच्या महिन्याच्या कमाईहून महाग होते.

रात्री तंबूबाहेर समोरच फुएगो, म्हणजे नावाप्रमाणे आग. हा जागृत ज्वालामुखी आहे. आधी लाल कारंजे उडते, आवाज मागाहून येतो, जमीन पोटात हादरते. थंडीने दात वाजत होते तरी नजर हटत नव्हती. पण हे दृश्य कोणासाठी शोभा आहे आणि कोणासाठी काळ, तेही सांगितले पाहिजे. ३ जून २०१८ रोजी याच डोंगरातून तापलेली राख, दगड आणि वायू यांचा लोंढा उताराने सुटला. पळून वाचावे इतका वेळ तो देत नाही. सान मिगेल लोस लोतेस हे कष्टकऱ्यांचे गाव गाडले गेले. शेकडो माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. जवळचे श्रीमंतांचे एक गोल्फ विश्रामस्थान काही तास आधीच रिकामे करण्यात आले होते.

सांतियागोची घंटा

पश्चिमेला आतित्लान सरोवर आहे. तीन ज्वालामुखी पाण्यात डोकावतात आणि होड्या या काठावरून त्या काठाला जातात. त्यातले सांतियागो आतित्लान हे त्सुतुहिल माया लोकांचे गाव. बायका कमरेला पट्टा बांधून, मागाचे दुसरे टोक खांबाला अडकवून अंगणात विणतात. त्यांच्या पोलक्याला विपील म्हणतात. गावागावाची नक्षी वेगळी. कारखानदार ही नक्षी चोरून स्वस्त छपाई विकतात, म्हणून माया विणकर बायकांनी २०१६ साली देशाच्या घटना न्यायालयात दाद मागितली. नक्षी ही कोणा एकीची नाही, साऱ्या समाजाची मालमत्ता आहे, असे त्यांचे म्हणणे.

या गावात लष्कराने १९८० साली तळ ठोकला होता. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे यादवी चालली. सत्यशोधन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी केली गेली. ओळख पटलेल्या बळींत शंभरात त्र्याऐंशी माया होते, आणि शंभरात त्र्याण्णव अत्याचार सरकारी फौजा व त्यांच्या हस्तकांचे होते. ज्यांना पुस्तिका लुप्त म्हणते, त्यांना लुप्त करण्याचा उद्योग आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच काळात झाला.

डिसेंबर १९९० च्या पहिल्या रात्री सांतियागोत दारू प्यालेल्या सैनिकांनी धुडगूस घातला. लोकांनी चर्चच्या घंटा बडवल्या. हजारो माणसे, बायका, मुले जमली आणि पांढरी निशाणे घेऊन, निःशस्त्र, रात्रीच तळाकडे चालू लागली. २ डिसेंबरच्या पहाटे सैनिकांनी गोळ्या झाडल्या. डझनाहून अधिक माणसे पडली, त्यांत लहान मुले होती. गाव घाबरून घरात बसले नाही. हजारोंनी अर्जावर सह्या केल्या, ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी अंगठे दिले. मागणी एकच, तळ हलवा. त्याच महिन्यात लष्कराला ते गाव सोडावे लागले. जिथे गोळ्या झाडल्या तिथे आता शांतीचे स्मारक-उद्यान आहे. होडीने आलेले पाहुणे विपील विकत घेऊन दुपारच्या होडीने परततात. उद्यान गावाबाहेर पडते, तिथवर फारसे कोणी जात नाही. आपण गेलात तर जरूर जा. रिगोबेर्ता मेंचू या किचे माया स्त्रीला १९९२ चे शांततेचे नोबेल मिळाले, ते याच यादवीच्या काळात.

शेवटचा टप्पा शेजारच्या एल साल्वादोरमधला. होया दे सेरेनला पिरॅमिड नाही. १९७६ साली धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरला एक कुडाची भिंत लागली. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी जवळच जमीन फाटून ज्वालामुखी उसळला आणि एक शेतकरी वस्ती कित्येक मीटर राखेखाली गेली. घरांत एकही प्रेत सापडले नाही. माणसे हातातले टाकून वेळीच पळाली असावीत. राखेने बाकी सारे जसेच्या तसे धरून ठेवले.

प्रत्येक कुटुंबाला झोपायचे घर वेगळे, कोठीची खोली वेगळी, स्वयंपाकघर वेगळे. एका घरात सत्तरच्या आसपास भांडी. छपराला टांगलेल्या मिरच्या, मडक्यात घेवडा, कोठीत दोरीने बांधलेले बदक, छपराच्या गवतात उंदीर. काचेसारख्या दगडाची धारदार पाती पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून वर छपरात खोचलेली. परसात मका, पलीकडे कसाव्याचे वाफे. कूड, कोठी, वाफे बघताना आमच्यापैकी एकीच्या तोंडून आपसूक निघाले, "अहो, हे तर आमच्या आजोळचे घर!"

पेसन शीट्स या अमेरिकन संशोधकाने १९७८ पासून इथे उत्खनन केले. शेतात काय पेरायचे, घर कसे बांधायचे हे इथली कुटुंबे स्वतः ठरवत, दूरच्या सरदारांची त्यांवर फारशी हुकमत नव्हती, असे त्यांचे मत आहे. जेवणाचे वाडगे न धुता तसेच राहिले होते. एका वाडग्यातल्या वाळलेल्या अन्नावर जेवणाऱ्याच्या बोटांचे फराटे स्पष्ट उमटले आहेत.