उसन्या खेळीची किंमत

१३ जून २०२१. कोरोनाकाळातल्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद इंटरनेटवरून एकाच वेळी अनेक नामवंतांशी बुद्धिबळ खेळत होता. आमिर खान, यजुवेंद्र चहल... सगळे हौशी खेळाडू. पण बेंगळुरूचे उद्योजक निखिल कामत यांच्यासमोर आनंदने चक्क डाव सोडला!

कौतुक झालंच, पण जाणकारांनी तो डाव पुन्हा पटावर मांडला आणि खेळीगणिक शंका वाढत गेली. हौशी माणूस इतकं अचूक खेळेल? दुसऱ्याच दिवशी कामत यांनी संगणकाची आणि इतरांची मदत घेतल्याचं सांगून माफी मागितली. आपण समोरच्या पटावर जे होतं तेच खेळलो, इतरांकडूनही तीच अपेक्षा होती, एवढंच आनंद म्हणाला.

गंमत म्हणजे, उसनी खेळी किती महाग पडते याचा धडा आनंदने स्वतः अठराव्या वर्षीच घेतला होता. १९८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बील इथे, कोलंबियाच्या अलोन्सो झपाटाविरुद्ध. सुरुवात होती पेट्रोव बचावाची. म्हणजे दोघांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं आणि पांढऱ्याच्या घोड्याने आपल्या प्याद्यावर नजर ठेवली, की काळ्याने बचाव न करता तसाच घोडा काढून त्याच्या प्याद्यावर रोखायचा. पुढे दोन्ही प्यादी मारली गेली. पांढऱ्याच्या दुसऱ्या घोड्याने आनंदच्या पुढे गेलेल्या घोड्यावर रोख धरला. आनंदने पाचव्या खेळीला उंट काढून त्याला जोर दिला. ही खेळी आदल्या वर्षीच्या माइल्स-क्रिस्टियान्सन डावात पडलेली. तो डाव बरोबरीत सुटला होता, म्हणजे खेळी बरीच असणार!

झपाटाने वजीर तिरका एकच घर सरकवून राजासमोर आणला. आता आनंदचा घोडा हलवला तर मागचा राजा उघडा, न हलवला तर पांढऱ्याचं प्यादं पुढे येऊन त्याला खाणार. सहाव्या खेळीलाच आनंदने डाव सोडला.

घरात बुद्धिबळाचं वेड असलेलं मूल असेल, तर हा डाव पाचव्या खेळीपर्यंत मांडा आणि विचारा, पांढऱ्याने आता काय करावं? लगेच उत्तर सांगू नका, मोबाइलही बाजूला ठेवा. मग स्वतःचा हरलेला एखादा डाव त्याला वहीत लिहून काढायला सांगा. कुठे अडलो, तेव्हा मनात काय होतं, हे प्रत्येक खेळीपुढे पेन्सिलीने टिपू द्या. संगणक उघडायचा तो त्यानंतर.