शनाख्ती कार्डावरचा तिसरा रकाना

तक्षशिला म्हटलं की मराठी वाचकाला चाणक्य आठवतो आणि ते प्राचीन विद्यापीठ. आजचं टॅक्सिला हे रावळपिंडी जिल्ह्यातलं रणगाड्यांच्या कारखान्याचं गाव आहे. जानेवारी २००९ मध्ये लग्नात नाचून परतणाऱ्या काही हिजड्यांना तिथल्या पोलिसांनी पकडलं, मारझोड केली आणि कमाई काढून घेतली, अशी तक्रार झाली. पाकिस्तानात काय किंवा आपल्याकडे काय, हे इतकं सवयीचं होतं की त्याची बातमी होणंच नवल. यावेळी मात्र डॉ. मुहम्मद अस्लम खाकी नावाचे वकील ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले.

खाकी लैंगिक स्वातंत्र्याच्या चळवळीतले नव्हते. ते इस्लामी कायद्याचे जाणकार. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आईबाप या मुलांना घराबाहेर काढतात, समाज त्यांना नाचायला आणि भीक मागायला लावतो, पोलीस त्यांना लुटतात, हे सगळे आपल्याच देशाचे नागरिक आहेत, मग सरकार काय करतंय? वकिलांच्या आंदोलनानंतर नुकतेच खुर्चीवर परतलेले सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांनी प्रकरण मनावर घेतलं. २००९ ते २०१२ या काळात एकामागून एक आदेश निघाले. ओळखपत्रं देणाऱ्या ‘नादरा’ या संस्थेने शनाख्ती कार्डावर स्त्री-पुरुषांखेरीज वेगळी नोंद करावी, मतदार यादीत नावं घ्यावीत, वारसाहक्क नाकारू नये, पोलिसांनी छळू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मान्यता दिली ती एप्रिल २०१४ मध्ये. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ज्यात बाजू मांडायला उभ्या राहिल्या, तोच हा खटला. त्या निकालपत्रात खाकींच्या खटल्याचा दाखला आहे. सीमेपलीकडचा निकाल आपण आधार म्हणून वाचावा, असे प्रसंग फार येत नाहीत.

पाकिस्तानसारख्या देशात हे घडलं कसं, असा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो. त्या प्रश्नात थोडं अज्ञान आहे. इस्लामी धर्मशास्त्राला जन्मतः स्त्री-पुरुष अशी स्पष्ट खूण नसलेली व्यक्ती नवी नाही. तिला ‘खुन्सा’ म्हणतात. नमाजाच्या वेळी तिने कुठल्या रांगेत उभं राहावं (पुरुषांच्या मागे, स्त्रियांच्या पुढे), वारशात तिला किती वाटा, याची चर्चा जुन्या ग्रंथांत बारकाईने आहे. राजदरबारातही ख्वाजासरांना, म्हणजे खच्ची केलेल्या सेवकांना, मान होता. मोगलांच्या जनानखान्याचा कारभार त्यांच्याकडे असे, आणि अवधच्या नवाबीत अल्मास अली खान नावाच्या ख्वाजासराने अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या मुलखाचा महसूल सांभाळला. आज पाकिस्तानात ‘हिजडा’ हा शब्द शिवीसारखा लागतो म्हणून सरकारी कागदावर आणि सभ्य बोलण्यात ‘ख्वाजासरा’ असतं. डेऱ्यावर, म्हणजे गुरूच्या घरी, आपसात मात्र ‘मूरत’.

ही पत धुळीला मिळवली इंग्रजांनी. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला पारधी, कैकाडी, कंजारभाट यांच्या संदर्भात ठाऊक असतो. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. मुलं पळवण्याचा, खच्ची करण्याचा किंवा ३७७ कलमातल्या गुन्ह्याचा नुसता संशय आला तरी पोलिसांच्या रजिस्टरात नाव चढे. मग बाईच्या वेषात बाहेर दिसणं किंवा लोकांसमोर नाचणं-गाणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद. अशा नोंदणीकृत माणसाला मृत्युपत्र करता येत नसे, बक्षीसपत्र करता येत नसे, मुलगा दत्तक घेता येत नसे. परंपरा गुरूकडून चेल्याकडे जाते, मालमत्ताही तशीच जाते. कायद्याने नेमकी तीच नस कापली.

आणि ते ३७७ कलम. १८६० च्या दंडसंहितेत ‘निसर्गक्रमाविरुद्ध संभोग’ म्हणून लिहिलेला तो गुन्हा फाळणीनंतर दोन्ही देशांच्या वाट्याला सारखाच आला. पाकिस्तानात आजही तो तसाच आहे: जन्मठेप, किंवा दोन ते दहा वर्षं कैद आणि दंड. झिया-उल-हक यांनी १९७९ मध्ये इस्लामी शिक्षांचे हुदूद अध्यादेश आणले तेव्हा ‘झिना’ची व्याख्या स्त्री आणि पुरुष यांच्यातल्या विवाहबाह्य संबंधापुरती होती. म्हणजे समलिंगी संबंधांना शिक्षा करताना इस्लामी म्हणवणाऱ्या राज्यालाही इंग्रज साहेबाचंच कलम वापरावं लागतं. आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं, आणि नव्या न्याय संहितेत तो गुन्हाच उरलेला नाही. पाकिस्तानात प्रत्यक्ष खटले थोडे होतात. कलमाचा धंदा धाकावर चालतो. पोलिसाला पैसे उकळायला, भावाला बहिणीला धमकवायला, घरमालकाला खोली रिकामी करून घ्यायला ते पुरतं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ग्राइंडर आणि टिंडर ही ॲप्स ‘अनैतिक’ म्हणून बंद केली, तेव्हा या कलमाची गरज पडली नाही.

फैसलाबादच्या एका जोडप्याचं २००७ मधलं प्रकरण इथे सांगितलंच पाहिजे. जन्माने मुलगी असलेल्या आणि पुरुष होण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या व्यक्तीने एका तरुणीशी निकाह केला. मुलीच्या घरच्यांनी छळ मांडला, म्हणून दोघं स्वतःहून लाहोर उच्च न्यायालयात संरक्षण मागायला गेली. न्यायालयाने वैद्यकीय तपासणी करवली, नवरा ‘खरं तर बाई’ असल्याचं ठरवलं आणि दोघांना तीन वर्षांची कैद सुनावली. ती ३७७ खाली नव्हती. न्यायालयाशी खोटं बोलल्याबद्दल होती! पुढे सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. ज्या न्यायसंस्थेने दोन वर्षांत ख्वाजासरांना हक्क द्यायला घेतले, तिला या जोडप्याचं काय करावं हे कळत नव्हतं. माझ्या मते पाकिस्तानातल्या सगळ्या गुंत्याची गाठ इथे आहे. जन्माने वेगळा असलेल्या दीनवाण्या माणसाला दया मिळते, कार्डावर रकानाही मिळतो. पण ‘मी कोण ते मी सांगणार आणि कोणावर प्रेम करायचं तेही मीच ठरवणार’ असं कोणी म्हटलं की दार लागतं.

२०१८ चा कायदा म्हणूनच थक्क करणारा होता. मार्चमध्ये सिनेटने, ८ मे रोजी राष्ट्रीय असेंब्लीने तो मंजूर केला आणि त्याच महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. निवडणुका तोंडावर होत्या, विरोध जवळजवळ झालाच नाही. व्याख्येत खुन्सा होते, खच्ची केलेले होते, आणि तिसऱ्या पोटकलमात जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाहून स्वतःची ओळख वेगळी मानणारा प्रत्येक जण होता. तिसरं कलम सांगत होतं की माणसाला ‘स्वतःला जाणवणारी’ ओळख नोंदवून घेण्याचा हक्क आहे. ना डॉक्टरचा दाखला, ना जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र. आपल्या २०१९ च्या कायद्यात तृतीयपंथी म्हणून नोंद करायलाही जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेची अट आहे. म्हणजे कागदावर पाकिस्तान आपल्याहून पुढे गेला होता. शाळा, दवाखाना, नोकरी, घर यांत भेदभावाला बंदी. कोणाला भीक मागायला लावलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदाबाहेरचं चित्र वेगळं. २०१७ च्या जनगणनेत पहिल्यांदा त्यांची वेगळी मोजणी झाली आणि प्राथमिक आकडा आला १०,४१८. वीस कोटींच्या देशात! घरात असं मूल असेल तर कुटुंबप्रमुख सांगत नाही, आणि डेऱ्यावर राहणारी माणसं सरकारी माणसाला दार उघडत नाहीत. मे २०१६ मध्ये पेशावरमध्ये अलीशा या कार्यकर्तीवर गोळ्या झाडल्या गेल्या. रुग्णालयात तिला पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यावर घोळ होत राहिला आणि ती दगावली. दुसरीकडे मार्च २०१८ मध्ये लाहोरच्या एका वाहिनीवर मार्विया मलिक बातम्या वाचताना दिसली. कराचीच्या सिग्नलवर भीक मागून शिकलेली निशा राव वकील झाली, सारा गिल डॉक्टर झाली. मुलतानमध्ये २०२१ साली पंजाब सरकारने तृतीयपंथीयांसाठी शाळा काढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मार्वियावर तिच्या घराबाहेर गोळीबार झाला, ती वाचली.

२०१८ च्या कायद्याविरुद्ध वादळ उठलं ते जमात-ए-इस्लामीचे सिनेटर मुश्ताक अहमद खान यांच्यामुळे. त्यांनी २०२१ मध्ये दुरुस्ती विधेयक आणलं: ओळख ठरवेल ती वैद्यकीय मंडळाने. सिनेटमध्ये त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला गृहखात्याने उत्तर दिलं की जुलै २०१८ पासून तीन वर्षांत लिंगनोंद बदलण्याचे २८,७२३ अर्ज आले. पुरुषाची स्त्री १६,५३०, स्त्रीचा पुरुष १२,१५४. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हे आकडे समाजमाध्यमांवर वणव्यासारखे पसरले. देशात हजारो माणसं लिंग बदलून समलिंगी लग्नं लावताहेत, अशी हाकाटी झाली. त्याच उत्तरातले इतर आकडे कोणी पाहिले नाहीत. तृतीयपंथी नोंदीशी संबंध असलेले अर्ज होते ३९. उरलेल्यांतल्या बहुसंख्य नोंदी कारकुनी चुका दुरुस्त करण्याच्या होत्या, हा ‘नादरा’चा खुलासा मागाहून आला आणि आरड्याओरड्यात बुडाला. ज्यांनी आपल्या रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करून घेतलंय त्यांना या खुलाशावर विश्वास ठेवायला जड जाणार नाही.

नोव्हेंबरमध्ये ‘जॉयलँड’ची पाळी आली. लाहोरच्या एका कुटुंबातला मुलगा आणि पारलिंगी नर्तकी यांची गोष्ट सांगणाऱ्या सैम सादिकच्या या चित्रपटाला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालेलं. आधी मिळालेलं प्रमाणपत्र केंद्राने काढून घेतलं, काही दिवसांत काटछाट करून परत दिलं, तर पंजाब प्रांताने त्यावर बंदी घातली. म्हणजे गोष्ट लाहोरची आणि लाहोरलाच ती पाहायची सोय नाही.

१९ मे २०२३ रोजी संघीय शरियत न्यायालयाने निकाल दिला. झिया यांच्या काळात स्थापन झालेल्या या न्यायालयाचं काम कायदे इस्लामशी जुळतात का हे तपासण्याचं. त्याने २०१८ च्या कायद्याच्या व्याख्येतलं ‘लिंगओळख’चं कलम, स्वतः ओळख सांगण्याचं तिसरं कलम आणि वारशाचं सातवं कलम इस्लामविरोधी ठरवलं. सातव्या कलमात मेख होती. शरियतमध्ये बहिणीला भावाच्या निम्मा वाटा मिळतो. स्वतःला पुरुष नोंदवणाऱ्याला पुरुषाचा वाटा द्यायचा, तर घरातल्या इतर वारसांचं गणित बदलतं. धर्माच्या नावाने चाललेल्या या भांडणात जमीनजुमल्याची भीती किती होती याबद्दल फार बोललं गेलं नाही, पण शेतीवाडीच्या देशात ती कमी नसणार. न्यायालयाने खुन्सा आणि खच्ची व्यक्तींचे हक्क नाकारले नाहीत, उलट सरकारने त्यांची काळजी घ्यावी असं म्हटलं. दया शाबूत राहिली. स्वतः सांगण्याचा हक्क मात्र गेला.

गंमत अशी की ‘गेला’ असंही पुरतं म्हणता येत नाही. पाकिस्तानच्या घटनेनुसार शरियत न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील दाखल झालं की ते निकाली निघेपर्यंत अंमलबजावणी थांबते, आणि कार्यकर्त्यांनी अपील दाखल केलं. ‘नादरा’ने जूनमध्ये तिसऱ्या रकान्याची कार्डं देणं थांबवलं होतं, ते सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू केलं. त्याच वर्षी कराची महानगरपालिकेत शहजादी राय आणि चांदनी शाह राखीव जागांवर सदस्य झाल्या. त्या जागा सिंध प्रांताच्या स्थानिक स्वराज्य कायद्यातल्या. शरियत न्यायालयापुढे होता तो संघराज्याचा २०१८ चा कायदा, त्यामुळे या जागांना निकालाने धक्का लागला नाही.