रथ गेला, साज उरला

प्राचीन चीनमधील रथ आज आपणांस जसाच्या तसा क्वचितच पाहावयास मिळतो. मिळतो तो त्याचा साज. लाकूड कुजले, चामडे नाहीसे झाले. उरली ती काशाची टोपणे, खिळी व कड्या. एवढ्यावरून रथ पुन्हा उभा करता येईल काय, याचा आपण विचार करू.

चीनमध्ये इ. स. पू. १२०० च्या सुमारास, शांग राजवटीच्या आन्यांग या राजधानीत रथ वापरात होते. आसाच्या दोन्ही टोकांवर काशाचे टोपण चढवीत व त्यातून आडवी खीळ घालीत, म्हणजे चाक निसटत नसे. जू, दांडी, छत्राचा दांडा यांनाही काशाचे भाग असत. तेव्हा हा साज केवळ शोभेचा नव्हता. पुष्कळसा तो कामाचाच होता.

पुढे इ. स. पू. ४७५ ते २२१ या युद्धमान राज्यांच्या काळात या कामाच्या वस्तूंवर सोन्याचांदीची नक्षी आली. काशात बारीक चर ठेवावयाचे, त्यांत सोन्याची वा चांदीची तार ठोकून बसवावयाची आणि सारा पृष्ठभाग घासून एकसारखा करावयाचा, अशी ही रीत होती. हान काळातही ती चालू राहिली. हेबेई प्रांतातील दिंगश्यन येथे १९६५ साली निघालेली छत्रदांड्याची नळी जेमतेम २६ सेंटिमीटर उंचीची. पण तिच्यावरील चार पट्ट्यांत हत्ती, उंट, मोर आहेत, आणि मागे वळून वाघावर बाण सोडणारा घोडेस्वारही आहे.

पण अशा सौंदर्यानेच या वस्तूंवर संकट आणले. लोयांगजवळील जिनत्सुनची थडगी १९२८ नंतर लुटली गेली आणि तेथील वस्तू जपान, अमेरिका, कॅनडा येथे पांगल्या. त्या आज संग्रहालयांत सुरक्षित आहेत. परंतु कोणती वस्तू कोणत्या थडग्यात, कशाशेजारी पडली होती, हे सांगणारी माती मात्र कायमची विसकटली.

याच्या उलट हेनानमधील हुइश्यन येथील उत्खनन पाहा. तेथे १९५०-५१ मध्ये श्या नाइ यांच्या नेतृत्वाखालील मंडळींना एका खड्ड्यात एकोणीस रथ आढळले. लाकूड कुजले होते, तरी त्याच्या जागची माती भोवतालच्या मातीहून निराळी होती. तिचा माग धीराने काढताच चाके, आरे व दांड्या यांचे आकार प्रकट झाले. पुढे डिसेंबर १९८० मध्ये सम्राट छिन श्रहुआंग याच्या समाधीजवळ अर्ध्या आकाराचे दोन काशाचे रथ सापडले. त्यांचे शेकडो तुकडे झाले होते. ते जुळविल्यावर घोड्यांच्या लगामापासून आसाच्या टोकापर्यंत प्रत्येक भाग कोठे बसतो, हे डोळ्यांना दिसले.

सोन्याची किंमत वजनावर ठरते. जुन्या वस्तूची किंमत मात्र ती कोठे व कशी पडलेली सापडली, यावरही ठरते. टोपण उचलून नेणाऱ्याच्या हाती सोनेचांदी लागली. रथ मिळाला तो माती वाचणाऱ्याला.