टर्बो बदलण्याआधी पाइप तपासा

पुण्यात तयार होणारी टाटा सफारी १९९८ साली बाजारात आली आणि नाशिकची महिंद्र स्कॉर्पिओ २००२ साली. दोन्ही टर्बो डिझेल गाड्या. त्या काळातल्या जुन्या गाड्या आता सेकंडहँड बाजारातून छोट्या गॅरेजकडे येतात. गिऱ्हाईक म्हणते, "पिकअप नाही, धूर मारते." अशा वेळी मिस्त्री लगेच टर्बो बदलायला सांगतो. गिऱ्हाईकाचे हजारो रुपये जातात, आणि तक्रार तशीच राहिली तर गॅरेजचे नाव खराब होते. म्हणून आपल्या कारागीर भावांनी काही गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

टर्बोचे काम साधे आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच शाफ्टवरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणजे टर्बोचे आयुष्य हवा आणि ऑइल या दोनच गोष्टींवर आहे.

आधी धूर पाहा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर तुंबला आहे का, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि पुढे इंजिनपर्यंतचे रबरी होज फाटले आहेत का, क्लॅम्प ढिले आहेत का, ते पाहा. होजची चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला असते. तिथे ऑइलचा ओलसर डाग दिसतो. हे सगळे ठीक असेल तर नोझल आणि पंप तपासा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर सतत येत असेल तर डिझेल अर्धवट जळते आहे किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत जाते आहे.

निळ्या धुराचा दोषही दर वेळी टर्बोचा नसतो. टर्बोतले ऑइल आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरते. तो परतीचा पाइप तुंबला, ब्रीदर बंद झाला किंवा रिंगा झिजून चेंबरमध्ये दाब वाढला, तर चांगल्या टर्बोतूनही ऑइल बाहेर येते. अशा गाडीत नवा टर्बो बसवला तरी तोही गळणार.

आता इंजिन थंड करून हवेचा पाइप काढा आणि शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित हलला तर घाबरू नये, तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण पुढे-मागे हलणे जाणवले, किंवा पंखा बॉडीला घासत असेल, तर टर्बो गेला. अशी गाडी चालवू देऊ नये. हवेच्या पाइपातून इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊ लागले तर चावी बंद करूनही ते थांबत नाही, उलट वेग वाढतच जातो. त्या वेळी ब्रेक पूर्ण दाबून टॉप गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. हवेच्या तोंडावर हात कधीही ठेवू नये.

नवा टर्बो बसवताना जुना का गेला ते आधी शोधा. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. टर्बोला ऑइल देणाऱ्या बारीक पाइपात कार्बन साचला असेल तर पाइपच नवा घाला. इंटरकूलरमधील जुने ऑइल आणि पंख्याचे तुकडे धुऊन काढा. ऑइल पाइपच्या जोडाला सिलिकॉन लावू नये. त्याचा तुकडा सुटून वाट बंद करतो. टर्बोत स्वच्छ ऑइल ओता, पंपावरची स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून थोडा वेळ सेल्फ मारा आणि मगच इंजिन चालू करा. पहिली काही मिनिटे रेस करू नये.

गिऱ्हाईकालाही सांगा, की लांबून आल्यावर गाडी एक-दोन मिनिटे स्लोवर ठेवून मगच बंद करावी. काढलेला जुना भाग त्याच्या हातात द्या आणि बिलावर कारण लिहा. दोनशे रुपयांच्या होजने काम झाले तर तेवढेच घ्या. असे गिऱ्हाईक पुढची गाडीही तुमच्याकडेच आणते.