चोक ओढला की इंजिन चालते!

टॅक्सी म्हणून मुंबईत २०२३ साली निरोप घेतलेली प्रीमियर पद्मिनी काही हौशी लोकांनी घरी जपली आहे. समजा, अशा गाडीचा कार्ब्युरेटर खोलून, धुऊन पुन्हा बसवला. इंजिन सुरू झाले. पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच बंद! चोक थोडा ओढून ठेवला, तर मात्र चालते. असे का?

एक ग्रॅम पेट्रोल जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. चोक हवा अडवतो. म्हणजेच मिश्रणात हवा जास्त होत होती. ती आली कोठून?

बहुधा कार्ब्युरेटरच्या बुडाच्या सांध्यातून. पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. पिस्टन हवा ओढतच असतात. त्यामुळे झडपेखालचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच उतरतो आणि बारीकशा फटीतूनही हवा आत घुसते. वेगात झडप उघडी असते. दाबातला फरक थोडा, आत जाणारी हवा भरपूर. मग ही गळती जाणवतही नाही.

म्हणून जाणता मेकॅनिक दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळतो. एकच बाजू करकचून आवळली, तर बूडच वाकते. सांधा घट्ट असूनही इंजिन बंद पडले, तर संथ गतीचा जेट पाहावा. त्याच्या सुईएवढ्या छिद्रात कचऱ्याचा एक कणही पुरतो! तो हवेच्या झोताने काढतात. तार घातली तर छिद्रच मोठे व्हायचे.