दहा किलोचा भाव आणि वर्षाची बेगमी

अवसरी बुद्रुकमध्ये कुणाला कांद्याचा भाव विचारला, तर उत्तर दहा किलोचं येतं. लासलगावात क्विंटलची भाषा, पुण्यात दारावरच्या भाजीवाल्याकडे किलो-अर्ध्या किलोची. शेजारच्या मंचरच्या बाजार समितीत मात्र कांद्याचा लिलाव पुकारतात तो दहा किलोवर. नारायणगावात टोमॅटो वीस किलोच्या क्रेटने जातो आणि मेथी-कोथिंबीर शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्यांना अमुक रुपये. पुणे-नाशिक महामार्गावरच्या या बाजारांभोवती आंबेगाव-जुन्नरचा घरखर्च फिरतो. महिन्याचा किराणा इथेही भरला जातोच. तेल, साखर, चहा त्यातून येतं. पण कमी पैशांत घर चालवणारी बाई खरा हिशेब करते तो माल उतरायच्या दिवसांत. भाव पडला की घ्यायचं, आणि घेतलेलं टिकवायचं. यातलं टिकवणं हेच खरं कसब, आणि ते मला कुठल्याही सवलतीच्या दुकानापेक्षा मोठं वाटतं.

कांद्यापासूनच बघा. हळवा कांदा आधी येतो, ताजा खायला चांगला, पण ठेवला की कुजतो. साठवणीला गरवा लागतो, मार्च-एप्रिलमध्ये काढलेला. मान बारीक आणि वाळलेली हवी, वरचा पापुद्रा कोरडा हवा. जाड मानेचा कांदा कितीही स्वस्त असला तरी साठवणीला घेऊ नये, त्या मानेतूनच सड आत शिरते. नीट वाळवून, हवा खेळेल असा पसरून ठेवला, तर पावसाळा निघतो.

बटाट्याचं गणित वेगळं. आंबेगावातल्या सातगाव पठाराचा बटाटा प्रसिद्ध, पण तो पावसाळी पीक. पेठ, कुरवंडीकडचा तो माल काढणीला येतो तेव्हा उन्हाचा भरवसा नसतो. त्यामुळे किस आणि वेफर्स होतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर मिळणाऱ्या बटाट्याचे. बटाट्यात पाच हिश्शांपैकी जवळजवळ चार हिस्से पाणी. पाच किलो उकडून किसले तर हाती वाळलेला किस किलोभरच येतो. पाकिटाची किंमत बघून नाक मुरडणाऱ्यांनी एवढा भागाकार तरी करावा. टोमॅटो तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, शिवाय त्याचा मोठा हंगाम पावसाळ्यात. म्हणून नारायणगावात क्रेटला मातीमोल भाव आला, तरी घराघरांत टोमॅटो वाळवला जात नाही. शेतकऱ्याचं ते नुकसान इथल्या गच्च्यांवर भरून निघत नाही, हे मला फार लागतं.

पण वाळवणाची परीक्षा कुरडईत. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. पाणी बदलायला विसरलं तर आंबूस वास शेवटपर्यंत जात नाही. मग गहू वाटायचा, पिळायचा, गाळायचा. गाळलेलं पाणी रात्रभर स्थिर ठेवलं की चीक तळाशी बसतो. सकाळी वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकायचं. जेवढा चीक तेवढं पाणी उकळायला ठेवायचं, त्यात हिंग आणि हात आखडून मीठ, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. एकीने चीक ओतायचा, दुसरीने लाकडी दांड्याने न थांबता हाटायचा, नाहीतर गुठळ्या होतात. चकाकी आली की शिजला. लगेच सोऱ्यात भरून ऊन तापायच्या आत घालून मोकळं व्हायचं, कारण गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही. मुलं तोवर वाटीत गरम चीक घेऊन बसलेली असतात, वर दूध-साखर नाहीतर तेल. पिळून उरलेला चोथाही फेकत नाहीत. त्यात तिखट-मीठ, जिरं घालून भुसवड्या घालतात. पाच किलो गव्हातलं काही म्हणता काही वाया जात नाही.

एवढं काम एकटीने होण्यासारखं नाही. ओतणारी, हाटणारी आणि सोऱ्या दाबणारी, निदान तिघी हव्यातच. म्हणून सावड: आज माझ्या घरच्या कुरडया, उद्या तुझ्या घरचे पापड. मजुरीचा पैसा हातात फिरत नाही, म्हणून वाळवण स्वस्त पडतं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून तेही मोफत. पण नुसत्या धान्याचं जेवण होत नाही. पावसाळ्यात भाजी कडाडते, तेव्हा ताटातली उणीव भरून काढतात ती पत्र्याच्या डब्यातली ही सांडगे-पापड-कुरडईची शिल्लक.

हेच वाळवण बचत गटाने विकायला ठेवलं की सावडीचा हिशेब बदलतो. आता प्रत्येकीच्या दिवसाला मोल द्यावं लागतं. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जतचे पापड सुरू केले, त्यांनी लाटणारीला मालकीण मानलं म्हणून ते काम टिकलं. गटाच्या कुरडईवर घासाघीस होते तेव्हा कापली जाते ती मजुरीच, कारण गहू आणि जळण यांचा भाव कमी होत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: बचत करायची तर ती कांद्या-बटाट्याच्या घाऊक खरेदीत करावी. पाच शेजारणींनी मिळून गोण्या घ्याव्यात, मंचरला जाऊन लिलावानंतर भाव बघून वाटून घ्याव्यात. कुरडईला सांगितलेले पैसे द्यावेत.

फक्त घेताना पारखून घ्यावं. चांगली कुरडई हातात हलकी लागते आणि मोडली की कट्‌कन मोडते. वाकत असेल तर आत ओल आहे, महिन्याभरात बुरशी धरेल. वास घ्यावा, आंबूस आला तर पाणी बदललेलं नाही. गटाच्या बायका मागितलं तर एक तळूनही दाखवतात. कडकडीत तेलात ती टाकताक्षणी फुलायला हवी. मधली गाठ कडक राहिली, तर चीक कच्चा राहिला होता.