धान्याची ढोली आणि आजोबांची खाट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात धानाची ढोली आणि आजी-आजोबांची खाट पुष्कळदा एकाच खोलीत असते. म्हणून किडीवरचा उपाय निवडताना त्या खाटेचाही विचार व्हावा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून ओलाव्याच्या संपर्काने फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. त्यावर खास उतारा नाही. राहत्या घरात त्या कदापि ठेवू नयेत.

त्यापेक्षा जुना मार्ग बरा. धान्य दाताखाली कटकन तुटेपर्यंत उन्हात वाळवावे, निवल्यावरच भरावे. सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा व निर्गुडीचा पाला थराथरांत घालावा. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन किडींचे खाणे व वाढ रोखते. तरीही पाल्याने सगळी कीड मरत नाही. महिन्यातून एकदा ढोली तपासावी. तूर, हरभऱ्याला किलोमागे ५ मिलिलीटर खाद्यतेल चोळल्यास भुंग्याची अंडी सहसा उबत नाहीत.

वनस्पतिजन्य ते सारे निरुपद्रवी, असे मात्र नव्हे. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना गंभीर इजा करते. ती खाण्याच्या धान्यात मिसळू नये. कांडण्यापूर्वी पाला पाखडून काढावा. दम्याच्या रुग्णांनी ते काम इतरांवर सोपवावे.